जांभ्याचा जन्म: देवरूखच्या चिऱ्यामागील सव्वाशे वर्षांचा वाद

देवरूखच्या एखाद्या जुन्या घराची गिलावा न केलेली भिंत पाहावी. तांबूस, सच्छिद्र, मधूनच पिवळसर रेघा असलेला हा जांभ्याचा चिरा. गावापासून काही कोसांवर मार्लेश्वराची गुहा आहे. तिथला सह्याद्रीचा कडा मात्र काळाभोर आणि घट्ट. तो बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरून थिजलेला लाव्हा. आंबा घाट चढून पूर्वेस सोलापूरपर्यंत गेल्यास त्याच लाव्ह्यावर कपाशीची काळी माती लागते. मूळ खडक एकच. त्यातून घाटाखाली तांबडा चिरा निघाला आणि देशावर काळी माती. हे कसे घडले, ते उलगडण्यास विज्ञानाला सव्वाशे वर्षे लागली.

प्रारंभ श्रीरंगपट्टणच्या पाडावापासून करावा लागतो. १७९९ मध्ये टिपू सुलतान मारला गेला. नव्याने हाती आलेल्या मुलखात काय पिकते आणि जमिनीतून काय निघते, याची पाहणी करण्यास गव्हर्नर जनरल वेलस्लीने फ्रान्सिस बुकानन या डॉक्टरास १८०० मध्ये धाडले. मलबारातील अंगाडीपुरम येथे त्याला एक विलक्षण दगड दिसला. खाणीत तो इतका मऊ असे की लोखंडी हत्याराने सहज तासता येई; उघड्यावर पडला की कठीण होई. कोकणातील चिरेखाणीवर काम करणाऱ्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. तिथले लोक त्याला ‘वीट-दगड’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. बुकाननने लॅटिनमधील विटेचा शब्द, ‘लेटर’, घेऊन त्याला ‘लॅटेराइट’ म्हटले. १८०७ मध्ये लंडनला त्याचे प्रवासवर्णन तीन खंडांत छापले गेले आणि खडकाला जगन्मान्य नाव मिळाले. गवंड्यांच्या शब्दाचे हे भाषांतरच होते, ही गोष्ट पुढे फारशी कोणी आठवली नाही.

नाव मिळाले, पण उत्पत्ती कळली नाही. कोणी जांभ्याला ज्वालामुखीचे अपत्य मानले. कोणी म्हणाले, हा वाहून आलेला गाळ साचून झालेला खडक. तिसरा पक्ष सांगे की खालचा खडकच जागच्या जागी कुजून जांभा होतो. रत्नागिरीने या वादात आणखी गुंता केला. किनाऱ्याजवळ जांभ्याच्या थराखाली बेसाल्ट लागण्याऐवजी काही ठिकाणी पांढरी-निळसर चिकणमाती, वनस्पतींचे अवशेष आणि लिग्नाइटचे पट्टे आढळले. सी. जे. विल्किन्सन यांनी १८७१ मध्ये दक्षिण कोकणच्या भूरचनेचे वर्णन करताना या थरांची नोंद घेतली. म्हणजे जांभ्याखाली लाव्हा होता, तसा कुठे कुठे पाण्यात साचलेला गाळही होता. गाळवाद्यांना हे पुरावे सोयीचे वाटले असल्यास नवल नाही. पण गाळावर जांभा आहे एवढ्यावरून जांभा म्हणजेच गाळ, हे सिद्ध होत नव्हते.

रसायनशास्त्राने वादाला वळण दिले. १८९८ मध्ये माक्स बाउअर या जर्मन शास्त्रज्ञाने सेशेल्स बेटांवरील लॅटेराइट तपासले, तेव्हा त्यात साध्या चिकणमातीऐवजी बॉक्साइटसारखे ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड निघाले. १९०३ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या टी. एच. हॉलंड यांनी खडकाच्या या कुजण्यात सूक्ष्म जीवांचा हात असावा, असे सुचवले. १९११ मध्ये फर्मर यांनी लेख लिहिला, त्याचे शीर्षकच ‘लॅटेराइट म्हणजे काय?’ असे होते. नामकरणाला शंभर वर्षे उलटून गेली होती!

खरी किल्ली होती मातीच्या कणात, आणि तो कण साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरचा होता. १९२० च्या दशकात क्ष-किरणांनी दाखवले की चिकणमाती हा आकारहीन लगदा नसून अतिसूक्ष्म स्फटिकांचा समूह आहे. १९३० मध्ये लायनस पॉलिंग यांनी अशा पापुद्रेदार खनिजांची रचना मांडली. तिच्या आधारे देवरूख आणि सोलापूर यांमधील अंतर मोजता येते.

काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइटच्या प्रत्येक थरात ॲल्युमिनियमच्या एका पापुद्र्याला सिलिकाचे दोन पापुद्रे असतात. थरांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते; उन्हाळ्यात तीच भेगाळते. कोकणच्या तांबड्या मातीतील केओलिनाइटमध्ये सिलिकाचा एकच पापुद्रा उरतो. शाहूवाडी-राधानगरीच्या माथ्यांवरील बॉक्साइटमध्ये जे गिब्साइट सापडते, त्यात सिलिका मुळीच नाही. दोन, एक, शून्य. सोलापुरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, देवरूखला तीन हजारांहून अधिक. जिथे पाणी मुबलक मुरते आणि निचराही होतो, तिथे ते कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि मग सिलिकाही धुऊन नेते. मागे राहतात लोह आणि ॲल्युमिनियम. लोहाचा गंज म्हणजेच जांभ्याचा रंग.

अंगाडीपुरमचा दाखला येथे निर्णायक ठरतो. तिथला मूळ खडक लाव्हा नव्हेच; तो चार्नोकाइट आणि नाइस जातीचा अतिप्राचीन खडक. तरीही चिरा तसाच निघाला. पावसापुढे मूळ खडकाचे कूळ दुय्यम ठरले. अर्थात हे काम शतकांत उरकणारे नव्हते. १९८३ मध्ये भारतीय जांभ्यातील चुंबकत्व मोजून काढलेल्या वयांनुसार घाटमाथ्यावरील जांभा लाव्ह्यानंतर लवकरच तयार होऊ लागला होता, आणि कोकणपट्टीतील जांभा त्यामानाने पुष्कळ अलीकडचा, तरीही कोट्यवधी वर्षांच्या हिशेबातला आहे.

या कुजण्याची प्रत जमिनीखाली सारखी नसते. वर कठीण कवच, मध्ये सच्छिद्र जांभा आणि त्याखाली अर्धवट कुजलेल्या खडकाची मऊ, फिकट चिकणमाती. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते, या मातीवर अडते आणि सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. सड्याखालच्या कित्येक वाड्यांची तहान त्यावर भागते. तीच माती भिजली की निसटते. कोकण रेल्वेच्या बांधकामात काळ्या कातळातील बोगद्यांपेक्षा मऊ मातीतील बोगद्यांनी अभियंत्यांना अधिक छळले. गोव्यातील पेडण्याचा बोगदा त्यांपैकी एक. रेल्वे सुरू होऊन २२ वर्षे झाल्यावर, ऑगस्ट २०२० मध्ये, त्याची भिंत ढासळली आणि मार्ग बंद पडला.

कवचाची कथा वेगळी. सड्यावर माती जवळजवळ नसते, म्हणूनच रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरील कातळशिल्पे उघडी राहिली आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत पोहोचली. त्याच सड्यांतून आज यंत्राच्या पात्याने चिरे निघतात. पाते खाली मऊ मातीपर्यंत पोहोचले की खाण थांबते. तोवर झऱ्याचे पाणी धरून ठेवणारा थर गेलेला असतो. आणि जिथे खाण नाही तिथे बागायतदार त्याच कातळात खड्डे पाडतात, बाहेरून माती आणून भरतात, आणि हापूसचे कलम लावतात.