क्लायमॅक्स लॉरेन्स : एका गोलचं मोल

क्लायमॅक्स लॉरेन्स हे गोव्याचे फुटबॉलपटू. बचावात्मक मिडफिल्डर म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे हल्ले मध्येच तोडणारा खेळाडू. गोल करणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव क्वचितच दिसतं. पण 2008च्या एएफसी चॅलेंज कपमध्ये, हैदराबादला अफगाणिस्तानविरुद्ध, अगदी शेवटच्या क्षणी गोल लॉरेन्स यांनीच केला आणि भारत 1-0 असा जिंकला. पुढे दिल्लीतल्या अंतिम सामन्यात भारताने ताजिकिस्तानला 4-1 हरवलं. सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली. या विजेतेपदामुळेच 1984 नंतर थेट 2011 मध्ये भारत आशियाई चषकात खेळला. क्लब फुटबॉलमध्ये 2007-08 च्या पहिल्या आय-लीगचं जेतेपद त्यांनी गोव्याच्या धेंपो क्लबकडून जिंकलं. 2012 मध्ये ते आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाले.