बिदरचा मदरसा आणि गावची शाळा

शाळेची इमारत किती वर्षांचा विचार करून बांधावी, या प्रश्नाचे बिदर प्रांतापुरते उत्तर दगडचुन्यात लिहून ठेवलेले आहे. बिदर शहरात चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर महमूद गवानाचा मदरसा उभा आहे. त्याचा दर्शनी भाग अर्धा कोसळला आहे. दोन मनोऱ्यांपैकी एकच उरला आहे. तरीही त्या भग्न वास्तूकडे पाहिले असता ती कोणत्या हेतूने उभारली गेली असेल, याविषयी संशय राहत नाही. ती विद्येसाठीच बांधलेली वास्तू आहे.

महमूद गवान हा मूळचा इराणातील गिलान प्रांताचा. व्यापाराच्या निमित्ताने तो समुद्रमार्गे दाभोळ बंदरात उतरला आणि पंधराव्या शतकाच्या मध्यास बिदरला आला. पुढे बहमनी राज्याचा तो मुख्य प्रधान झाला. राज्यकारभाराची घडी बसवीत असतानाच त्याने राजधानीत एक विद्यालय बांधविले. ते 1472 मध्ये पूर्ण झाले.

या वास्तूची आखणी बारकाईने पाहण्याजोगी आहे. तिची लांबी सुमारे 205 फूट व रुंदी 180 फूट असून मध्यभागी मोकळा चौक आहे. उत्तर, दक्षिण व पश्चिम या तीन बाजूंच्या मध्यावर व्याख्यानाची दालने असून ती इमारतीच्या पूर्ण उंचीइतकी उंच आहेत. त्यांच्या दोहो अंगांना तीन मजल्यांवर विद्यार्थ्यांच्या खोल्या व अध्यापकांची निवासस्थाने होती. पूर्वेच्या दर्शनी बाजूस ग्रंथालय व मशीद यांना जागा दिली होती. खोल्यांना चौकातून उजेड व वारा मिळेल, अशी त्यांची मांडणी केलेली होती. जमिनीतील ओल भिंतीत चढू नये म्हणून पायाजवळच्या थरांत शिशाचे पत्रे घातले असावेत, असे पुरातत्त्वज्ञांचे निरीक्षण आहे.

हे शिशाचे पत्रे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मनोऱ्यावरील रंगीत कौलांचे काम येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरते; पायातील शिसे कोणालाच दिसत नाही. त्याचा उपयोग बांधणाऱ्याच्या हयातीत फारसा कळतही नाही. पन्नास वर्षांनी भिंत कोरडी राहिली, तर त्याचे श्रेय त्या शिशाकडे जाते. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

वास्तू पूर्ण झाल्यावर अवघ्या नऊ वर्षांनी, 1481 मध्ये, बनावट पत्राच्या आधारे फितुरीचा आरोप ठेवून सुलतानाने गवानाचा शिरच्छेद करविला. लवकरच बहमनी राज्याची शकले झाली. परंतु मदरसा उभा राहिला. सतराव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार फिरिश्ता याने लिहिले तेव्हा ही इमारत नव्यासारखी सुस्थितीत होती. संस्थापक गेला, राज्यही गेले, आणि तरी शाळेची भिंत ढळली नाही.

मग ती कोसळली कशाने? औरंगजेबाने 1657 मध्ये बिदर जिंकल्यानंतरच्या काळात या वास्तूत घोडदळाचा तळ पडला आणि तिच्या काही खोल्यांत दारूगोळा साठविण्यात आला. 1696 च्या सुमारास त्या दारूचा स्फोट होऊन आग्नेय बाजूचा मनोरा व दर्शनी भागाचा मोठा हिस्सा उद्ध्वस्त झाला. जी वास्तू सव्वादोनशे वर्षांच्या उन्हापावसाला पुरून उरली, ती वापर बदलताच एका क्षणात भंगली. बांधणाऱ्याने ओलीचा विचार केला होता, उजेडाचा केला होता. आपल्या पश्चात ही जागा शाळेसाठीच राखली जाईल, याची तजवीज मात्र एकट्या बांधणाऱ्याच्या हाती नसते. ती समाजाला करावी लागते.

बिदर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, कलबुर्गी जिल्ह्याच्या हद्दीकडील निर्णा व तिच्या आसपासची गावे यांच्या दृष्टीने या इतिहासाला आजही अर्थ आहे. हा टापू निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बिदर जिल्ह्याची वाटणी होऊन हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे आला. त्याच वेळी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठवाड्याकडे गेले. या भागात उर्दू, मराठी व कन्नड या तिन्ही भाषा नांदत आल्या. राजवटीबरोबर मुलांच्या पाटीवरील लिपी बदलली. बसायला कोरडी जमीन, डोक्यावर छप्पर आणि खेळायला पटांगण ही मुलाची गरज मात्र बदलली नाही.

जुन्या काळी गावची शाळा देवळाच्या ओसरीत, मशिदीत, चावडीत किंवा एखाद्या वाड्याच्या पडवीत भरे. जागा दुसऱ्याची, म्हणून शाळा पाहुणी. उत्सव आला की मुलांना सुट्टी, साहेबाचा मुक्काम पडला की मुलांना सुट्टी. सरकारनेही हा प्रश्न पुष्कळ उशिरा आकड्यांत मांडला. 1987 च्या खडू-फळा मोहिमेने प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या व ओसरी असावी, असे ठरविले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र शौचालये, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण व कुंपण ही कायद्याची अट केली, आणि तिच्या पूर्ततेसाठी तीन वर्षांची मुदत घातली.

तथापि तीन वर्षांत खोली बांधता येते, तीस वर्षांचा विचार तीन वर्षांत बांधता येत नाही. काळ्या मातीची जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिथे पाया उथळ घेतला, तर नवी भिंत थोड्याच वर्षांत तडकते. आज जन्मलेले मूल सहा वर्षांनी पहिलीत बसणार हे गावाला ठाऊक असते. तरी खोल्यांचा हिशेब बहुधा आजच्या पटसंख्येवरच होतो. पटांगणाची तर सर्वांत जास्त उपेक्षा. इमारत दिसते म्हणून तिची किंमत कळते. मोकळी जागा रिकामी दिसते, म्हणून गावातील प्रत्येक नव्या बांधकामाची नजर प्रथम तिच्यावरच जाते. कोपरा गेला, मग कड गेली, आणि शेवटी मुले रस्त्यावर खेळू लागली, असे होऊ नये यासाठी जमिनीची मोजणी, शाळेच्या नावाची नोंद आणि कुंपण ही तीन कामे पहिली खोली उभी राहण्यापूर्वीच व्हावयास हवीत.

त्यानंतर दरवर्षीच्या दुरुस्तीची तरतूद हवी. छपराची गळती ज्या साली सुरू होते त्याच साली ती थांबविणे स्वस्त पडते. नव्या इमारतीचे उद्घाटन होते, कोनशिलेवर नावे कोरली जातात. गळती बुजविणाऱ्याचे नाव कोठे लागत नाही. पायातील शिशाच्या पत्र्याचे भाग्य त्यालाही आले आहे. पण शाळा टिकते ती त्याच्याच कामावर.

महमूद गवानाने परक्या मुलुखातून येऊन, ज्यांना तो कधीच पाहणार नव्हता अशा विद्यार्थ्यांसाठी खोल्या आखल्या. निर्ण्याच्या परिसरातील शाळांत ज्यांना उद्या बसावयाचे आहे, ती मुले तर याच मातीतील, घरोघरच्या नातवंडांपैकी असणार आहेत. त्यांच्यासाठी जागा राखणे हे तेथील ग्रामसभेच्या आवाक्यातले काम आहे, आणि ते आज केले तरच त्याला दूरदृष्टी म्हणता येईल.