तान्ही बाळं आणि अफूची गोळी



शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कोकणातल्या, घाटावरच्या बाया राबत. कामावर जाताना तान्ह्याला ‘बाळगोळी’ देत. तिच्यात अफू असे. बाळ रडत नसे, निपचित पडून राही. दूधही मागत नसे. १९२२ साली डॉक्टर बार्न्सबाईंच्या अहवालात नोंद झाली, की गिरणीतल्या बायांच्या १०० बाळांपैकी ९८ बाळांना अफू दिली जाते.

त्या आया निर्दयी होत्या, असं आम्ही म्हणणार नाही. त्यांना ना रजा होती, ना पाळणाघर. बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली आला. पाळणाघराची अट १९४८ च्या कारखाने कायद्यात आली, पण ती कारखान्यापुरती होती. आपल्या धाराशिवची बाई ऊसतोडीला जाते, त्या फडात ती पोचत नाही.

बाळ रात्री उठतं, कारण त्याचं पोट लहान असतं आणि दूध लवकर पचतं. पहिले दोन-तीन महिने त्याला दिवस-रात्र कळत नाही. त्याला पाजा, लंगोट बघा, खांद्यावर घेऊन पाठ थोपटा, उजेड मंद ठेवा. गुंगीचं काहीही देऊ नका. ताप आला, धाप लागली, बाळ दूध ओढेना किंवा रडं थांबेना, तर लगेच दवाखाना गाठा.

आईलाही झोप हवी. सासूबाईंनी, बाळाच्या बापानं आळीपाळीनं बाळ घ्यावं. गटाच्या बैठकीत हे जरूर बोला.