दसरा काढण्याचा इतिहास



भादवा सरत आला की आपल्या मराठवाड्यात बाया एकमेकींना एकच गोष्ट विचारतात, "झाला का गं दसरा काढून?" दसरा काढायचा म्हणजे घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं बाहेर काढायचं. वाकळा, चादरी, पडदे धुवायचे. डबे, पितळेची भांडी घासायची. जळमटं काढायची, भिंतींना रंग द्यायचा. आमची मुकुंदवाडी आता शहरात आली, घरं सिमेंटची झाली. तरी ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी गच्च्यागच्च्यांवर वाकळा वाळत पडलेल्या दिसतात. त्या आठवड्यात गटाची बैठक ठेवली तर कुणी येत नाही, हे आम्हाला दरवर्षीचं ठाऊक आहे.

म्हणून यंदा आम्ही ठरवलं की या कामाचाच इतिहास सांगायचा. राजांच्या लढाया पुस्तकात असतात. घर कुणी झाडलं, कशानं सारवलं, पाणी कुठून आणलं, हे फारसं कुणी लिहून ठेवत नाही. पण ही कामं झाली म्हणून पिढ्या जगल्या.

आपल्या आज्या-पणज्यांनी दसरा काढायला हेच दिवस का धरले असतील? पावसाळ्यात घराला ओल चढते, वाकळांना कुबट वास लागतो, ढेकूण-पिसवा होतात. भादव्याच्या शेवटी पाऊस उघडतो, कडक ऊन पडतं आणि नदी-विहिरींना भरपूर पाणी असतं. पुढे खरिपाचं धान्य घरात यायचं असतं, त्याआधी कणग्या आणि कोपरे कोरडे करावे लागतात. धुवायला पाणी, वाळवायला ऊन आणि धान्यासाठी जागा, असा हा हिशेब आहे. सणाची तारीख त्याला जोडली म्हणून कुणाचं काम राहून जात नाही.

शेण, राख आणि रिठा

जुनी घरं मातीची आणि वर माळवद. अशा घराची साफसफाई म्हणजे अर्धी डागडुजीच. पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकून धोपटायची, दर आठवड्याला जमीन सारवायची, चूल रोज पोतारायची. सारवलं की माती बसते, धूळ उडत नाही, भेगा बुजतात. भांड्यांना राख, तांब्या-पितळेला चिंच आणि मीठ, कपड्यांना रिठा, केसांना शिकेकाई, धान्यात कडुलिंबाचा पाला. विकत फारसं काही आणावं लागत नव्हतं. घरातला केर उकिरड्यावर जाई आणि वर्षाने खत होऊन शेतात परत येई.

मग बाजार घरात आला. 1959 साली आपल्या देशात सर्फ पावडर आली. ती महाग होती. 1969 च्या सुमारास अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी निरमा पावडर घरी बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली आणि स्वस्त पावडर गावागावात पोहोचली. बाईचे हात थोडे मोकळे झाले, हे मान्य करायला हवं. राखेनं भांडी घासून बोटांना भेगा पडत, ते आमच्यातल्या थोरल्या बायांना आठवतं.

तेव्हा जुनं ते सगळं सोनं, असं आम्ही म्हणणार नाही. बाळाच्या नाळेला शेण किंवा राख लावायची रीत काही घरांत होती. त्यातून धनुर्वाताचा धोका असतो. नाळ कोरडी आणि उघडी ठेवायची, दुसरं काही लावायचं नाही. नव्या वस्तूंचेही धोके आहेत. संडास धुण्याचं अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

लक्ष्मी आणि लक्ष्मी घडवणारे हात

दसरा काढला की पुढे दिवाळी. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो, तिला पाय लागू देत नाही. ती केरसुणी शिंदीच्या पानांची. ती बांधण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजातल्या बाया-माणसांनी केलं. शिंदीचे फड तोडायचे, वाळवायचे, चिरायचे, घट्ट बांधायचे, यात हात रक्तबंबाळ होतात. केरसुणी देवघरात गेली, पण ती बांधणाऱ्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. त्याचं घर गावाच्या कडेला. स्वच्छतेच्या इतिहासातलं हे पान वाचायला जड जातं, पण गाळून चालणार नाही. आज आमच्या गटांत सगळ्या जातींच्या बाया एका सतरंजीवर बसतात, एका डब्यातलं खातात. हे आपोआप झालेलं नाही, त्यासाठी अनेकांनी आयुष्य वेचलं आहे.

प्लेगचं वर्ष

घराची सफाई एकदा सरकारनं बंदुकीच्या धाकावर करवली होती. 1896 साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. इंग्रज सरकारनं रँड नावाचा अधिकारी नेमला. गोरे शिपाई घरात, माजघरात, देवघरात शिरत. सामान बाहेर फेकत, भिंतींना चुना मारत, औषधं शिंपडत, आजारी माणसांना उचलून नेत. बायकांची अब्रू राहिली नाही म्हणून लोक संतापले. 22 जून 1897 रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

त्याच साथीत दुसरं एक काम चाललं होतं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ दवाखाना उघडला होता. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. साथ तीच आणि शहरही तेच. एकीकडे घरात शिरणाऱ्यांवर लोक संतापले, दुसरीकडे रोग्यांची मायेनं सेवा झाली. घरात शिरणाऱ्याला माणसाविषयी माया आहे की नाही, हे लोकांना लगेच कळतं. आज आम्ही कुणाच्या घरी स्वच्छतेची माहिती द्यायला जातो तेव्हा आधी उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारतो, "येऊ का ताई?"

प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे 1898 साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं. म्हणजे धान्याचे कोपरे कोरडे ठेवणाऱ्या आणि वाकळा उन्हात टाकणाऱ्या आपल्या आज्या कारण ठाऊक नसतानाही उंदीर-पिसवांचा बंदोबस्त करतच होत्या.

खराटा घेतलेला पुरुष

मैत्रिणींनो, महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा झाडणारा माणूस पुरुष होता. गाडगेबाबा. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परीट समाजात त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. लोकांचे कपडे धुणाऱ्या घरातला हा मुलगा. 1905 साली त्यांनी घर सोडलं. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात गाडगं, अंगावर चिंध्या. गावात गेले की दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात सांगायचे की मुलं शिकवा, कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवापुढे मुकी जनावरं कापू नका. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं धर्मशाळा बांधल्या, स्वतः मात्र झोपडीत राहिले. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ वलगाव इथं ते गेले.

त्यांच्या नावानं 2000-01 मध्ये, आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. स्पर्धा लागली, गावं झाडून निघाली, गटारं काढली, शोषखड्डे खणले. अनेक गावांत सरपंच आणि मास्तर पहिल्यांदाच हातात खराटा घेऊन रस्त्यावर दिसले.

पण रस्त्यावर खराटा धरणारा पुरुष घरात केरसुणी धरतो का? 2019 साली केंद्र सरकारनं देशभर एक पाहणी केली, लोकांचा दिवस कसा जातो याची. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची 299 मिनिटं त्या कामात जात होती. म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष घरकाम करत होते त्यांची 97 मिनिटं. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात जेमतेम 26 होते. गाडगेबाबांच्या फोटोला हार घालून हे आकडे बदलत नाहीत.

पाणी आणि कचरा

स्वच्छता पाण्यावर चालते. आमच्या शहराचा इतिहासच पाण्याचा. 1610 च्या सुमारास मलिक अंबरनं खडकी वसवली आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून गावात आणलं. पुढे तशाच नळांच्या पाण्यावर पाणचक्कीत दळण होऊ लागलं. 1972 च्या दुष्काळात बायांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि अंघोळीचं पाणी धुण्याला, धुण्याचं पाणी जमिनीला असं वापरलं. 1976 साली पैठणचं जायकवाडी धरण पूर्ण झालं, तिथलंच पाणी आज शहराला येतं. तरीही 2019 च्या टंचाईत मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या वस्तीतली पोरं हंडे-कळशा घेऊन रेल्वेनं शहरातल्या मोठ्या स्टेशनवर जात होती. जाऊन-येऊन 14 किलोमीटर. ज्या घरात पाणी असं येतं त्या घराला "अस्वच्छ" म्हणण्याआधी जीभ चावावी.

कचऱ्याचंही तसंच. शहराचा कचरा वर्षानुवर्षं नारेगावला पडत होता. आपली घरं लख्ख, आणि तिथल्या बाया-पोरांच्या नाकाशी धूर, दुर्गंधी, माश्या. 16 फेब्रुवारी 2018 पासून तिथल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरभर ढीग लागले. 7 मार्चला मिटमिट्यात गावकरी आणि पोलीस यांच्यात मोठा राडा झाला. तेव्हा कुठे ओला-सुका वेगळा करण्याचा नियम आम्हा सगळ्यांच्या घरात खरोखर शिरला. नियम तर 2016 चाच होता. आपला उंबरा झाडून केर दुसऱ्याच्या दारात लोटला तर घर स्वच्छ झालं असं म्हणता येणार नाही, हे नारेगावनं शहराला शिकवलं.

आता आपण काय करायचं

या सगळ्यातून आमच्या गटांनी जी घडी बसवली ती सांगतो. तुमच्या गावाप्रमाणे तुम्ही बदल करा.

रोज: स्वयंपाकाचा ओटा आणि मोरी रात्रीच घासून कोरडी करायची, म्हणजे झुरळं येत नाहीत. ओला कचरा वेगळा ठेवायचा. खेड्यात तो उकिरड्यात किंवा खतखड्ड्यात टाका, त्यात प्लास्टिक जाऊ देऊ नका.

आठवड्यातून एकदा कोरडा दिवस: रांजण, टाकी, पिंप, कूलर रिकामं करून आतून घासायचं, वाळवायचं आणि मग भरायचं. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा पूर्ण डास होतो. अंडी भांड्याच्या काठाला चिकटून राहतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासावंच लागतं. नळ अनेक दिवसांनी येत असेल तर पिंपावर कापड घट्ट बांधा.

महिन्यातून एकदा: गाद्या, वाकळा, उशा कडक उन्हात. धान्याचे डबे उपसून पाहायचे.

आणि दसरा एका बाईनं दोन दिवसांत कंबर मोडून काढायचा नाही. आठ दिवस धरा, रोज एक काम घ्या. घरातल्या प्रत्येकाच्या नावावर एक काम लिहून भिंतीला चिकटवा. मुलगा आणि मुलगी दोघांच्याही. जळमटं आणि माळा उंच माणसानं काढावा, वाकळा पिळायला दोघं लागतात, म्हणून तिथं घरधन्याचं नाव लिहा. वाकळा धुण्यासाठी चार घरांनी मिळून एक दिवस ठरवा, पूर्वी नदीवर बाया एकत्र जात तसा. काम तेवढंच असतं, पण सोबत असली की पाठ कमी दुखते आणि गप्पाही होतात.

घटस्थापनेला तुमच्याकडे कुणी विचारलं, "झाला का दसरा काढून?" तर उत्तर असं यावं, "हो, आमच्या घरात आम्ही सगळ्यांनी मिळून काढला."