अपशकुनाचे इंग्रजी : कोल्हापूर परिसरातील शब्दशिक्षण आणि लोकसमजुतींच्या नोंदीचा इतिहास

प्रस्तावना

महाविद्यालयीन इंग्रजीच्या अध्यापनात शुभाशुभविषयक शब्दसंग्रह बहुधा दोन रकान्यांत मांडला जातो. डावीकडे अपशकुन, दृष्ट, करणी, साडेसाती. उजवीकडे ओमेन, इव्हिल आय, ब्लॅक मॅजिक, बॅड लक. करवीर, पन्हाळा, शाहूवाडी वा राधानगरी तालुक्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यास डावा रकाना घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मिळालेला असतो आणि उजवा त्याला पाठ करावयाचा असतो. परीक्षेपुरती ही सोय पुरेशी आहे. परंतु हे दोन रकाने समान पातळीवर कधीच नव्हते. उजव्या रकान्यावर सुपरस्टिशन ही पाटी लागते ती डाव्या रकान्याविषयी बोलताना. इंग्रजीच्या स्वतःच्या पोटातील शकुन-अपशकुन त्या पाटीखाली येत नाहीत. ही विषमता कशी घडली आणि तिच्यामुळे भाषांतरात नेमके काय हरवते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

इंग्रजीच्या पोटातील शकुन

महाविद्यालयात कोणत्याही समारंभाच्या पत्रिकेवर इनॉग्युरेशन हा शब्द छापला जातो. त्याचे मूळ प्राचीन रोममधील ऑगर या शकुनज्ञ पुरोहितांशी निगडित आहे. पक्ष्यांच्या उड्डाणावरून देवांची अनुकूलता ठरवून मगच कार्यारंभ करण्याची ती प्रथा होती. ऑस्पिशस या शब्दातही पक्षी आणि पाहणे हे दोन लॅटिन धातू आहेत. डिझास्टर या शब्दात प्रतिकूल तारा आहे, तर सिनिस्टरचा मूळ अर्थ केवळ डावा एवढाच. लुनॅटिक चंद्रामुळे वेडा होतो. इन्फ्लुएंझा हा शब्द इटालियन भाषेतून आला. रोगाच्या साथीमागे ताऱ्यांचा प्रभाव असतो ही समजूत त्याच्या मुळाशी होती. १९१८ साली मुंबई इलाख्यात या साथीने अपरिमित जीवितहानी केली. गावोगावी साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा शिवेपार नेण्याची चाल होती आणि सुशिक्षितांच्या दृष्टीने ती अंधश्रद्धाच होती. दवाखान्याच्या कागदावरील रोगाचे नाव मात्र आकाशातील ताऱ्यांवरून पडलेले आहे, हे कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. शब्द जुना झाला की त्यातील देव झिजून जातो.

शनीचे उदाहरण यादृष्टीने बोलके आहे. इंग्रजीत शनीवरून सॅटर्नाइन हे विशेषण झाले आणि ते माणसाच्या उदास, गंभीर स्वभावास लागू पडते. मराठीतील साडेसाती ही स्वभावात नसते. ती राशीला येते, साडेसात वर्षे राहते आणि जाते. एकच ग्रह, पण एका भाषेत तो मनात शिरला आणि दुसरीत पंचांगात राहिला. अशा शब्दाला बॅड लक हा पर्याय देणे म्हणजे त्यातील कालगणनाच काढून टाकणे होय.

कोश, गॅझेटियर आणि प्रश्नावली

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये व त्याची विस्तारित आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. मोल्सवर्थ आणि थॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. मोल्सवर्थ यांचे मोठेपण असे की, जेथे इंग्रजीत प्रतिशब्द नाही तेथे ते शब्दामागील चाल समजावून सांगतात. पुढील पाठ्यपुस्तकी शब्दसूचींनी हे स्पष्टीकरण गाळले आणि प्रतिशब्द तेवढा ठेवला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शब्दांकडून नोंदींकडे वाटचाल झाली. जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा चोविसावा खंड (१८८६) कोल्हापूर संस्थानाविषयी आहे. याच कॅम्बेल यांनी १८८५ मध्ये रूढींच्या मुळाशी भुताखेतांवरील विश्वास आहे, असा सिद्धान्त मांडणारी टिपणे प्रसिद्ध केली होती. त्यानंतर ए. एम. टी. जॅक्सन या सनदी अधिकाऱ्याने लोकसमजुतींविषयी प्रश्नावली तयार करून ती शाळामास्तरांकडे पाठविली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’ या नाटकाच्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सन यांचा वध केला, हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्यांच्या मागे राहिलेल्या या कागदपत्रांचा इतिहास तितकासा परिचित नाही. आर. ई. एन्थोव्हेन यांनी ती संपादित करून गुजरातचा खंड १९१४ मध्ये व कोकणचा खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध केला. कोकण खंडात कोल्हापूरकडीलही नोंदी आहेत.

या प्रश्नावलीची चौकट विल्यम क्रुक यांच्या उत्तर हिंदुस्थानातील लोकधर्मावरील ग्रंथावरून (१८९६) घेतली होती. म्हणजे दृष्ट आणि भुते पळवून लावणे यांचे एक प्रकरण, रोगदेवतांचे दुसरे, फेटिशपूजेचे तिसरे, ही वाटणी मास्तरांनी उत्तर लिहिण्यापूर्वीच झाली होती. यांपैकी फेटिश हा शब्द तर पोर्तुगीज खलाशांनी पश्चिम आफ्रिकेतील पूजावस्तूंना दिलेल्या नावापासून आलेला. आपल्या गावच्या शेंदूर फासलेल्या धोंड्याला तो शब्द लागू होईल, याची कल्पना उत्तर पाठविणाऱ्या मास्तरास असणे कठीण. गावाची माहिती मास्तरांची, पण तिला नाव देण्याचा अधिकार प्रश्नकर्त्याचा, असा हा व्यवहार होता. तरीही या नोंदी टाकाऊ ठरत नाहीत. चौकट बाजूला सारून वाचल्यास त्यांत त्या काळच्या खेड्याचा आवाज ऐकू येतो.

पांढरा पाय आणि जोना

भाषांतरातील हानी सर्वांत अधिक कोठे होते, तर जेथे अपशकुन वस्तूवर नव्हे, माणसावर लादला जातो तेथे. नवी सून घरात आल्यावर कोणी दगावले, बैल मेला वा पीक बुडाले, तर ती पांढऱ्या पायाची ठरते. शब्दसूचीत यासाठी अनलकी हा पर्याय आढळतो. परंतु इंग्रजीत अनलकी म्हणजे जिच्या वाट्यास दुर्दैव आले ती. पांढऱ्या पायाची म्हणजे जिने ते इतरांवर आणले ती. दिशाच उलटते. मराठीतील आरोप इंग्रजीत सहानुभूती होऊन बसतो आणि आरोप करणारे घर वाक्यातून अदृश्य होते.

वस्तुतः इंग्रजीत अधिक जवळचा शब्द आहे, तो जोना. बायबलमधील या संदेष्ट्यामुळे वादळ उठले असे चिठ्ठ्या टाकून ठरल्यावर त्याला समुद्रात टाकण्यात आले. त्यावरून जहाजाला दुर्दैव आणणाऱ्या माणसास खलाशी जोना म्हणू लागले. दोष ठरविणे आणि बाहेर फेकणे या दोन्ही क्रिया या शब्दात शाबूत आहेत. भेद इतकाच की जोना पुरुष आहे, आणि मराठी वाक्प्रचार चालतो तो मुख्यतः स्त्रीलिंगी. हा शब्द क्रमिक शब्दसूचीत क्वचितच येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी बेसबॉलमधून रूढ झालेला जिंक्स हा शब्द अलीकडे विद्यार्थ्यांच्या तोंडी असतो, पण त्यात थट्टेचा सूर आहे. पांढऱ्या पायाच्या सुनेला माहेरी धाडले जाते, तेव्हा ती थट्टा नसते.

कायद्याच्या इंग्रजीत उरलेली मराठी

इंग्लंडमध्ये १७३५ च्या कायद्याने चेटूक करणे हा गुन्हा राहिला नाही. चेटूक येते असे भासविणे हा गुन्हा ठरला. एका शब्दाच्या फरकाने संशयिताची जागा बदलली. हा कायदा १९५१ पर्यंत अमलात होता. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला व डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. चळवळीने घराघरांत पोहोचविलेला अंधश्रद्धा हा शब्द या कायद्याच्या शीर्षकात नाही. शीर्षकात नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांचा उल्लेख आहे. श्रद्धा कोणती आणि अंध कोणती हा वाद टाळून कृत्यांची अनुसूची देण्याचा मार्ग कायद्याने स्वीकारला, आणि तो शहाणपणाचा होता असे म्हणावे लागते. एखादी व्यक्ती इतरांवर दुर्दैव आणते असा आरोप करून तिचे जगणे असह्य करणे, हेही त्या अनुसूचीत आहे. पांढऱ्या पायाच्या सुनेवरील आरोपाला कायद्याच्या भाषेत प्रथमच कर्ता मिळाला.

याच कायद्याचा इंग्रजी पाठ शब्दशिक्षणाच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्याच्या शीर्षकात अघोरी हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला आहे. अनुसूचीत करणी आणि चेटूक हे शब्दही रोमन लिपीत जसेच्या तसे आले आहेत. करणीच्या शेजारीच ब्लॅक मॅजिक हा शब्दप्रयोग वेगळा नोंदविलेला आहे, म्हणजे मसुदाकारांच्या लेखी या दोन गोष्टी एक नव्हत्या. वर्गातील फळ्यावरील दोन रकान्यांत मात्र त्यांच्यामध्ये अजूनही बरोबरचे चिन्ह काढले जाते.