बेळगाव-बाची रस्ता

बेळगावहून हिंडलगा, सुळगा मागे टाकीत बाचीस जाणारा रस्ता जेमतेम पंधरा किलोमीटरांचा. सरकारदप्तरी तो रायचूर-बाची राज्यमार्गाचे शेपूट आहे. रायचूरच्या जोडीला या खेड्याचे नाव का यावे? बाचीपुढे शिनोळी लागते आणि तेथे महाराष्ट्र सुरू होतो, एवढेच कारण.

मुळात ही वाट वेंगुर्ल्याची. १८१२ मध्ये वेंगुर्ले व १८१८ मध्ये बेळगाव इंग्रजांकडे आल्यावर येथील छावणीस जवळचे बंदर हवे होते. रामघाटाची चढण गाड्यांना अवघड. म्हणून पुढे आंबोलीचा, अर्थात पारपोलीचा, घाट बांधण्यात आला. घाटावर मीठ, नारळ येई. खाली धान्य, कापूस उतरे. १८८८ मध्ये कॅसलरॉकमार्गे मुरगावची रेल्वे सुरू झाली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरला जोडण्यात आला. तेव्हापासून शिनोळी-तुडयेकरांना जिल्ह्याच्या कामासाठी शंभर किलोमीटरांच्या घरातले कोल्हापूर गाठावे लागते. बाजार, दवाखाना, सोयरीक मात्र बेळगावचीच! डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला आणि महाराष्ट्राने कर्नाटकात जाणाऱ्या एसटी गाड्या काही काळ बंद ठेवल्या, तेव्हा सर्वांत आधी अडली ती हीच माणसे.