रक्तातील चिठ्ठी

कारखान्याच्या दारावरील सभेत घसा बसणे ही आम्हा कामगार कार्यकर्त्यांची नित्याची गोष्ट. म्हणूनच एका सहकाऱ्याचा आवाज दीड महिना सुटेना, तरी आम्ही त्याला खडीसाखरच देत राहिलो. तो कर्करोग होता, हे फार उशिरा कळले. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे : अशा रोगाची चाहूल आधीच घेता येईल काय?

या प्रश्नाचे एक सूत्र १९४८ सालच्या फ्रान्समध्ये सापडते. मांदेल व मेते यांनी दाखविले की, रक्तद्रवात पेशींच्या बाहेरही न्यूक्लिइक आम्ले असतात. पुढे १९६४ साली एप्स्टाईन, अचाँग व बार यांनी आफ्रिकेतील मुलांना होणाऱ्या गाठींच्या पेशींत एक विषाणू पाहिला. दक्षिण चीनमध्ये आढळणाऱ्या, नाकामागील घशाच्या कर्करोगाशीही त्याचे नाते निघाले. १९९९ साली हाँगकाँगच्या संशोधकांना अशा रोग्यांच्या रक्तद्रवात त्याच विषाणूचा आरएनए सापडला.

डीएनए ही कारखान्याची मूळ नोंदवही मानली, तर आरएनए ही तिच्यावरून उतरून खात्याकडे धाडलेली कामाची चिठ्ठी होय. चिठ्ठीवरून आत काय चालले आहे ते कळते. परंतु रक्तातील विकरे ती चटकन फाडून टाकतात. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की, सूक्ष्म आरएनए मात्र रक्तात टिकून राहतात. मग घशाच्या कर्करोगाचे निदान व्हावे, आणि उपचारानंतर तो उलटेल काय हेही सांगता यावे, म्हणून त्यांचा शोध सुरू झाला. अडचण एवढीच की, एका प्रयोगशाळेने दिलेली यादी दुसरीशी सहसा जुळत नाही.

तथापि ही आशा पोकळ नव्हे. हाँगकाँगमध्येच लक्षणे नसलेल्या २०,१७४ पुरुषांच्या रक्तात त्या विषाणूचा डीएनए तपासला गेला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार ३४ जणांना कर्करोग निघाला, आणि त्यांतील बहुतेकांचा प्राथमिक अवस्थेतच.

आरएनएची चाचणी उद्या सिद्ध झाली, तर ती कामगाराच्या ऐपतीत असावी, हा लढा आपला आहे. तोवर श्रोत्यांस विनंती एवढीच : तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही, तर खडीसाखर बाजूला ठेवून घशाच्या डॉक्टरांकडे जावे. आम्ही ते केले नाही.